मत दे

माझे वडील पेंटर होते. लाखनीच्या आसपासच्या गावांतल्या दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची वाक्यं, खताच्या जाहिराती, सगळं त्यांच्या हातचं. अक्षर मोत्यासारखं, पण अंदाज भयंकर. भिंत किती लांब आहे हे आधी बघायचं असतं, ही गोष्ट त्यांनी मरेपर्यंत मान्य केली नाही. पहिलं अक्षर ऐसपैस मांडी घालून बसायचं आणि शेवटची अक्षरं एकमेकांच्या अंगावर.

आमच्या घराची हायवेकडची भिंत त्यांनी रंगवली ती आणीबाणी सैल होऊन निवडणूक जाहीर झाली तेव्हा. लिहायचं होतं ‘मत देऊन देश वाचवा’. नीळ खलली, शिडी लावली आणि नेहमीप्रमाणे ‘मत’ असं काढलं की ते पलीकडच्या धानाच्या बांधीतूनही वाचता यावं. मग ‘दे’ काढला. मग दार आलं. देश वाचवायला जागाच उरली नाही. वडील शिडीवरून उतरले, रस्त्यापलीकडे जाऊन एक बिडी ओढली, भिंत बघितली आणि म्हणाले की अर्थ तर लागतो ना, मग राहू द्या. मी तेव्हा जन्मायचा होतो, त्यामुळे हे सगळं ऐकीव आहे. पण इतक्यांदा ऐकलंय की बिडीचा वाससुद्धा आठवतो.

अर्थ लागत होता, पण दोन लागत होते. आमचा रस्ता म्हणजे कलकत्त्याकडे जाणाऱ्या ट्रकांचा रस्ता. चहाला थांबलेले परप्रांतीय ड्रायव्हर भिंत वाचायचे आणि हिंदीत वाचायचे. मत दे, म्हणजे देऊ नकोस. काय देऊ नकोस, चहावाल्याला का घरवाल्याला, असं विचारून ते हसायचे. वडिलांना त्याचा राग यायचा. मराठी भिंत मराठीत वाचावी एवढी त्यांची साधी अपेक्षा होती.

पण खरी फजिती घरातच झाली. माझी काकी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडची, हिंदी शाळेत शिकलेली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. संक्रांतीला माहेरी गेली, काही दिवस राहून परत आली तर सासरच्या भिंतीवर हे एवढं मोठं लिहिलेलं, देऊ नकोस. तिच्या हातात माहेरहून दिलेली चिरोंजीची, म्हणजे चारोळीची पिशवी होती. तिला वाटलं, माहेरच्या देण्याघेण्यावरून मागे काही बोलणं झालं असेल, त्याचीच ही जाहीर नोटीस. पिशवी पदराखाली लपवून ती मागच्या दारानं घरात शिरली आणि माझ्या आईला कुजबुजत विचारलं, की जाऊबाई, आमच्याकडून काय चुकलं? आई तांदूळ निवडत होती. ती इतकी हसली की सूप उलटलं. ते तांदूळ मग दोघींनी मिळून अंगणातून वेचले.

काकीला मात्र मताची चेष्टा चालायची नाही. तिचं त्यात एक जुनं दुखणं होतं. त्या काळी मत एकविसाव्या वर्षी मिळायचं. तिला एकवीस वर्षं पूर्ण झाली आणि नेमकी तेव्हाच व्हायची निवडणूक सरकारनं पुढे ढकलली. दुसऱ्या कोणी हे देशाचं दुःख मानलं असतं. काकीनं ते स्वतःचं मानलं. माझ्या वाटणीचं ताट वाढलं आणि मी बसणार तोच उचलून नेलं, असं ती अजून सांगते. त्या दिवसांत गावात जीप यायची, नसबंदीसाठी माणसं न्यायला. जीप दिसली की पुरुष धानात पळायचे. काका तर, अजून पोर नाही बाळ नाही, एकदा दुपारभर बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, गळाभर पाण्यात उभे होते, डोक्यावर शिंगाड्याचा वेल घेऊन. वडिलांना कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण सोडून दुसरं काही रंगवायचं काम नव्हतं. आणि चहाच्या टपरीवर माणसं धानाच्या भावाबद्दलसुद्धा हळू आवाजात बोलायची.

तर शेवटी निवडणूक झाली आणि काकी मत द्यायला गेली. सोबत तिची मैत्रीण होती, आमच्या शेजारच्या बौद्ध वस्तीतली. दोघी एकाच बांधीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करायच्या. मैत्रिणीच्या घरी मताचा दिवस सणासारखा. तिचे वडील त्या दिवशी पांढरं धोतर नेसायचे आणि घरात गोड व्हायचं. त्या दिवशी काकीही तिच्याकडे शिरा खाऊन घरी आली. मग रात्रीपर्यंत डाव्या हाताचं बोट वर धरून सगळी कामं करत होती. आई म्हणाली, अगं ती शाई जात नसते. काकी म्हणाली, जात नसली तरी सांभाळायला काय जातं?

ती भिंत वडिलांनी पुढे प्रत्येक निवडणुकीला रंगवली. प्रत्येक वेळी ते ‘मत द्या’ करायला निघायचे आणि प्रत्येक वेळी काकी अडवायची. वडील गेल्यावर मी रंगवू लागलो.

मी फ्लेक्सवाला आहे. लाखनीत हायवेला लागून माझं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, मंडईच्या जत्रेतल्या नाटकांची पोस्टरं, आणि अर्थातच निवडणुका. लोकशाहीवर माझं पोट चालतं, त्यामुळे तिच्याबद्दल मला जे प्रेम आहे ते अगदी खरं आहे.

हल्ली दुकानात एक नवं खेळणं आलंय. कॉम्प्युटरला तोंडी सांगायचं, तो चित्र काढून देतो. मी त्याला म्हटलं, मतदान केलेल्या बाईचा हात काढ, बोटाला शाई. हात सुरेख आला. हिरव्या बांगड्या, मेंदी, मागे पिवळं धान. बोटं सहा, आणि शाई सहाव्याला. मी चिडून पुन्हा सांगितलं तर यंत्रानं फार नम्रपणे माफी मागितली आणि सातवं बोट काढलं. मग ते बाजूला ठेवून त्याला ‘मत दे’ या दोन शब्दांचं इंग्रजी विचारलं. त्यानं सांगितलं, ‘डोन्ट गिव्ह’, म्हणजे देऊ नकोस. इतक्या वर्षांनी, एवढं शिकलेलं यंत्रही येऊन धडकलं ते आमच्याच भिंतीला. त्या ट्रक ड्रायव्हरांच्या आणि या यंत्राच्या बुद्धीत मला काही फरक दिसला नाही. उलट ड्रायव्हर निदान चहा तरी घ्यायचे. सहा बोटांचा हात मी काकीला दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली की बरोबर आहे, पाच बोटं कामाला लागतात, मताला एक वेगळं पाहिजेच.

तर आता मागच्या निवडणुकीची गोष्ट. ग्रामपंचायतीची होती. गावात बैठक बसली, देवळाच्या सभामंडपात, माजी सरपंचांच्या पुढाकारानं. माणूस वाईट नाही. हसतमुख आहे, कोणाच्याही मयतीला पहिला हजर असतो. फक्त गाव आपल्याच खिशात असावं अशी त्याची प्रेमळ इच्छा आहे. तो म्हणाला की भांडणं कशाला, खर्च कशाला, या वेळी बिनविरोध करू, सगळ्या तालुक्यात गावाचं नाव होईल. सरपंचासकट सगळी नावं त्यानं तिथेच वाचून दाखवली. आमच्या प्रभागात, म्हणजे आमचा मोहल्ला आणि बौद्ध वस्ती मिळून, बाईसाठी राखीव जागा होती. तिथे नाव घेतलं माझ्या वहिनीचं, म्हणजे काकीच्या सुनेचं. टाळ्या वाजल्या. वहिनी तेव्हा घरी भाकरी थापत होती.

त्याच संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर मतदान घेतलं गेलं. गाव बिनविरोध करायचं का, होय की नाही. ज्यानं बटण दाबलं त्याचं नाव खाली दिसायचं, फोटोसकट. बघता बघता सगळं गाव ‘होय’खाली गोळा झालं. ‘नाही’समोर एकही नाव नाही. मी कोणतंच बटण दाबलं नाही. माझे फ्लेक्स बुडत होते, मला कशाची हौस? काकीकडे असला फोन नाही. तिनं वहिनीच्या फोनवर ती नावांची रांग बोटानं वर सरकवत सरकवत पाहिली.

“हे मत हाये, तं खाली नाव कायले?” तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, पारदर्शकता. हा शब्द मी बऱ्याच फ्लेक्सवर छापलेला आहे. काकी म्हणाली की पारदर्शक लुगडं कोणी नेसतं का, आणि फोन पालथा ठेवून दिला.

दोन दिवसांनी काकी मैत्रिणीला घेऊन लाखनीला गेली आणि आपल्याच सुनेविरुद्ध अर्ज भरून आली.

गावात जो गोंधळ उडाला तो काय सांगू! सासू-सुनेचं वाजलं, अशी बातमी सकाळी निघाली आणि दुपारपर्यंत त्यात शेताची वाटणी, दागिने आणि माझी फूसही आली. दादा, म्हणजे काकीचा मुलगा, माझ्या दुकानात येऊन बसला आणि माझ्यावरच डाफरला, की तुझ्या चार फ्लेक्ससाठी आमचं घर फोडू नकोस. माजी सरपंच घरी आले ते बुंदीचा डबा घेऊन. बराच वेळ बसले. काकी, सूनच निवडून येणार आहे, ती काय परकी आहे का, असं त्यांनी समजावलं. काकीनं चहा दिला, डबा मात्र उघडला नाही. ते गेल्यावर मला म्हणाली, “तवा जीप घेऊन येत होते, आता बुंदी घेऊन येऊन राहिले. जीप पाहून पळता तरी येत होतं, बाबू.”

तिला स्वतःला निवडून यायचं नव्हतं. ते तिनं कोणापासून लपवलंही नाही. तिला फक्त आपल्या प्रभागात मतदान व्हायला हवं होतं. एकदा ताट उचललं गेलं होतं. दुसऱ्यांदा, तेही आपल्याच गावानं, टाळ्या वाजवून उचलावं, हे तिला सहन होणार नव्हतं. पण एक गोष्ट तिला आतून खात होती. अर्ज भरल्यापासून वहिनी तिच्याशी बोलली नव्हती. भांडली असती तर काकीला बरं वाटलं असतं. वहिनी मुकाट्यानं वाढायची, मुकाट्यानं उचलायची.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी सकाळीच माजी सरपंचांची गाडी दारात येऊन उभी राहिली. दादानंच बोलावली होती. मी दुकानाला निघालो होतो, तो ओट्यावर थबकलो. आतून काकी बाहेर आली. अंगावर बाहेर जायचं पातळ होतं, पायात चपला. मला तिचा चेहरा बघवेना. एवढी खमकी बाई, पण त्या सकाळी अगदी थकलेली दिसली. ती दारातच वळली आणि आत वहिनीला म्हणाली की तुला वाईट वाटत असेल तर मी जाऊन मागे घेते, माझ्या मतापेक्षा तू मोठी आहेस.

वहिनी तांदूळ धूत होती. हात तसेच ओले घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली. दादा तिथे होता, गाडीतून माजी सरपंच बघत होते. या घरात लग्न होऊन आल्यापासून इतक्या पुरुषांसमोर ती कधी बोलली असेल असं मला वाटत नाही.

“नोका घेऊ मागं,” ती म्हणाली. “मले कोणी इचारलंच नाई. माह्या नावाच्या टाळ्या वाजल्या, तवा मी चुलीपाशी होती. अशी निवडून आली तं मी टाळ्या वाजवणाऱ्याइची होईन. मले मोजून पाह्यचं हाये, लोकाइले मी पाह्यजे का नाई.”

काकीनं वाकून चपला काढल्या आणि हातानं नीट जोडून भिंतीला लावून ठेवल्या. दादा गाडीकडे बघत राहिला, मग स्वतःच जाऊन ड्रायव्हरला म्हणाला की तुम्ही चहा घेऊन जा. मी फार रडका नाही, पण त्या वेळी मला वडिलांची फार आठवण झाली.

आणि मग जी मजा आली! सबंध गावात सगळ्या जागा बिनविरोध, एक आमच्या प्रभागातली सोडून, आणि तिथले दोन्ही उमेदवार एका चुलीवर जेवणारे. काकीला निशाणी मिळाली शिलाई मशीन, वहिनीला कपबशी. दोघी प्रचाराला एकत्रच निघायच्या, कारण घराला कुलूप एकच होतं आणि किल्ली काकीच्या कमरेला. मोहल्ल्यात शिरल्या की वहिनी डावीकडची घरं घ्यायची, काकी उजवीकडची, आणि शेवटच्या घरी दोघी चहा प्यायच्या. तिथे काकी बशीत चहा ओतून फुर्रकन प्यायची आणि मग तिच्या लक्षात यायचं की आपण भरसभेत विरोधकाचा प्रचार करतोय. मैत्रीण तिला रागवायची. त्यावर काकीनं तोड काढली, पेल्यातून प्यायला लागली. वहिनीनंही मग त्या दिवसांत फाटलेला ब्लाउज मशीनवर न शिवता हातानं शिवला.

फ्लेक्स दोघींचे मीच केले. वहिनीचा फोटो छान आला. काकी फोटो काढताना डोळे मिटायची, म्हणून शेवटी मिटलेल्या डोळ्यांचाच छापला. तिच्या फ्लेक्सवर दोनच शब्द होते, वडिलांच्याच वळणात, ‘मत दे’. कॉम्प्युटरमध्ये तसं वळण नव्हतं. भिंतीचा फोटो काढून त्यावरून घेतलं.

लोक हळूहळू सैल झाले. ज्यांनी ग्रुपवर ‘होय’ दाबलं होतं तेच ओट्यावर येऊन बसू लागले आणि विचारू लागले, की वहिनी, तुम्ही आलात तर नालीचं काय करणार, नळाला पाणी किती वेळ सोडणार? वहिनीला आधी उत्तरं येत नव्हती. मग ती स्वतःच नाल्या बघत फिरू लागली. एकदा तर काकीनंच तिला गाठून वस्तीकडची फुटलेली पाइपलाइन दाखवली. विरोधी उमेदवारानं असं मार्गदर्शन करावं हे मी माझ्या धंद्यात प्रथमच पाहिलं.

मतदानाच्या दिवशी मैत्रिणीच्या घरी शिरा झाला. वडिलांचं पांढरं धोतर आता नाही, पण तिच्या नातवानं पांढरा सदरा घातला होता. काकी, मैत्रीण आणि वहिनी तिघी रांगेत एकामागे एक उभ्या होत्या. मीही मागेच होतो. काकी आत गेली, पडद्याआड बराच वेळ लावला. मशीन वाजलं. बाहेर आली तेव्हा डावं बोट वर धरलेलं. वय सत्तरीचं, पण चालणं असं की मला वाटलं, त्या पहिल्या वेळी ही अशीच आली असणार. वहिनी आत गेली. ती आली तेव्हा तिनंही बोट तसंच धरलं होतं. सासूचं बघून धरलं की आपोआप, ते तिलाही सांगता आलं नाही.

मोजणी लाखनीला झाली. वहिनी निवडून आली, थोड्या मतांनी. पण काकीला जी मतं पडली ती बघून माजी सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ग्रुपवर ‘नाही’ म्हणणारा एकही माणूस नव्हता, आणि इथे जवळजवळ अर्ध्या प्रभागानं पडद्याआड जाऊन शिलाई मशीनचं बटण दाबलं होतं. तो बिचारा उभ्या उभ्या माणसांचे चेहरे आठवत होता, की यातला कोण, आणि त्यातला कोण.

गुलाल घेऊन आम्ही घरी आलो. काकी हरली होती आणि नाचत होती; वहिनी जिंकली होती आणि रडत होती. दादा दोघींच्या मध्ये उभा राहून सगळ्यांना बुंदी वाटत होता, तोच तो डबा, अखेर उघडला. बुंदी जरा कडक झाली होती, पण कोणी काही म्हटलं नाही. माजी सरपंचही आले. मी आधीच सांगितलं, माणूस वाईट नाही. त्यांनी वहिनीला हार घातला, काकीच्या पाया पडले आणि हसत विचारलं, की आता तर निकाल लागला, आता सांगायला काय हरकत आहे?

“काकी, तुमचं सोताचं मत कोणाले?”

खरं सांगायचं तर ते आम्हा सगळ्यांनाच ऐकायचं होतं. वहिनी तर हातातली बुंदी तशीच धरून बघत राहिली. काकीनं शाईचं बोट वर केलं, भिंतीकडे दाखवलं, आणि आपल्या माहेरच्या भाषेत म्हणाली,

“मत पूछ.”

आधी वहिनी हसली, मोठ्यांदा, पदर तोंडाला न लावता. मग मैत्रीण, मग दादा, आणि शेवटी अर्थ लागल्यावर माजी सरपंच. पुढल्या आठवड्यात मी भिंत रंगवायला काढली. आता मधलं दार बुजवलेलं आहे, देश वाचवायला भरपूर जागा आहे. मी काकीला विचारलं, पूर्ण करू का? ती वहिनीला विचार म्हणाली, आता सदस्य ती आहे. वहिनीनं जरा विचार केला आणि सांगितलं की भाऊजी, आहे तेवढंच पुरे आहे, फक्त रंग पक्का वापरा.